नकाशा काढायच्या आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, पण जमलं तर न कापता छापा ही विनंती, कारण हे बरेच दिवस मनात साठलेलं आहे.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका मोकळ्या सार्वजनिक जागेच्या आराखड्यावर जनसुनावणी झाली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून होते. भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावलेला, त्यात इमारत, पार्किंग, शोभेची झाडं सगळं अगदी व्यवस्थित, आणि बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. एक आजी उठल्या, नकाशापाशी गेल्या, बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात आमची पायवाट कुठाय?" त्या जागेतून तिरकी एक पायवाट जाते, कुणी आखलेली नाही, माणसं चालून चालून पडलेली, शाळेतली पोरं, कामाला जाणाऱ्या बायका सगळे तिच्यावरूनच जातात कारण मोठ्या रस्त्याचा वळसा वाचतो. नव्या नकाशात ती नव्हतीच. शेजारी जागेचा आत्ताचा नकाशा लावला होता त्यातही नाही, तिथं नुसता पांढरा चौकोन आणि वर लिहिलेलं 'रिकामा भूखंड'. समोरचे साहेब सभ्य होते, आवाज चढवला नाही, म्हणाले सूचना नोंदवून घेतो. आणि नोंदवली पण. पुढं काम सुरू झालं तेव्हा पहिले पत्रे ठोकले गेले ते बरोबर त्या पायवाटेवर.

मला त्या साहेबांचा राग येत नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांच्याही हातात काही नव्हतं. आराखडा झालेला, खर्चाचा अंदाज झालेला, मंजुऱ्या अर्ध्या आलेल्या, अशा वेळी एका पायवाटेसाठी सगळं परत काढा असं कोण म्हणणार. माझं म्हणणं इथंच आहे. लोकांना विचारतात, पण ठरवून झाल्यावर विचारतात. आधी जागा 'रिकामी' ठरते, मग तिथं काय बांधायचं ते ठरतं, मग चित्र काढलं जातं आणि सगळ्यात शेवटी आपल्याला बोलावून विचारतात की हरकत आहे का. तोपर्यंत हरकत घेणारा माणूस म्हणजे विकासाच्या आड येणारा माणूस झालेला असतो. जागा ज्यांच्या रोजच्या वापरात आहे त्यांना चित्र काढायच्या आधी बोलावलं पाहिजे, आणि नको म्हणायचा खराखुरा अधिकार त्यांच्या हातात पाहिजे, एवढं एकच मला ह्या पत्रातून सांगायचंय.

हे दुखणं काही नवीन नाही आणि एकट्या आपलंही नाही. अमेरिकेत शेरी अर्नस्टाइन नावाच्या बाईंनी 1969 साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात खालच्या पायरीवर लोकांना नुसतं गुंडाळणं, सगळ्यात वरच्या पायरीवर लोकांच्या हातात कारभार. आपण ज्याला हरकती-सूचना म्हणतो ते सल्ला घेणं त्यांच्या शिडीवर चौथ्या पायरीवर येतं आणि त्यांनी त्याला दिखाऊ सहभागातच धरलं होतं, कारण ऐकून घेणाऱ्यावर त्या ऐकण्याचं काही बंधनच नसतं. पन्नास वर्षं उलटून गेली आणि आपण अजून त्या चौथ्या पायरीवरच उभे आहोत, तेही तीन मिनिटांपुरते.

बरं, हातातून गेलेली जागा परत मिळवणं किती अवघड असतं त्याचं एक उदाहरण मला कायम आठवतं ते शिकागोचं. 2008 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या महापालिकेनं शहरातले 36,000 च्या आसपास पार्किंग मीटर, म्हणजे रस्त्याच्या कडेला गाडी लावायचे पैसे घेणारी यंत्रं, एका खासगी गुंतवणूकदार गटाला 75 वर्षांच्या करारानं देऊन टाकले, बदल्यात 1.15 अब्ज डॉलर एकरकमी घेतले. प्रस्ताव जाहीर झाल्यापासून मतदान होईपर्यंत फक्त दोन-तीन दिवस गेले. 75 वर्षांचा निर्णय आणि वाचायला तीन दिवस! नंतर महापालिकेच्याच तपास अधिकाऱ्यानं हिशोब मांडला तेव्हा निघालं की शहराला जवळजवळ एक अब्ज डॉलर कमी मिळालेत. पण पैशापेक्षा मोठं नुकसान दुसरंच आहे. मीटर म्हणजे रस्त्याची कड. आता एखाद्या रस्त्यावर सायकलसाठी पट्टा काढायचा असेल किंवा जत्रेसाठी रस्ता बंद ठेवायचा असेल आणि त्यात मीटरच्या जागा जात असतील तर शहरानं कंपनीला भरपाई द्यायची किंवा दुसरीकडं तेवढी कमाई उभी करून द्यायची. कंपनीनं घातलेले पैसे केव्हाच वसूल झालेत आणि कराराची बरीच दशकं अजून शिल्लक आहेत. कागदावर रस्ते शहराचेच आहेत हो, पण रस्त्याच्या कडेला काय करायचं हे आज जन्मलेल्या मुलाला म्हातारपणापर्यंत ठरवता येणार नाही. म्हणून जागा विकत नाही, फक्त लीजवर देतोय असं कुणी म्हणालं की मी आधी किती वर्षं ते विचारते.

उलट टोरंटोचं बघा. तिथं तलावाच्या काठावरची 12 एकर सार्वजनिक जागा होती, तिचा आराखडा करायचं काम 2017 मध्ये गूगलच्या एका भावंड कंपनीला मिळालं, सेन्सर लावलेलं स्मार्ट शहर वगैरे. 2019 मध्ये कंपनीचा आराखडा आला तो दीड हजार पानांच्या वर, आणि त्यात 12 एकरांवरून हात एकदम 190 एकरांपर्यंत पसरलेला. लोक आधीपासूनच प्रश्न विचारत होते, की आमच्या चालण्या-फिरण्याची जी माहिती गोळा होणार ती कुणाची, ह्या भागातला कर कुणाकडं जाणार, नियम महापालिका करणार की कंपनी. त्यांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्याच वर्षी प्रकल्प पुन्हा 12 एकरांवर आणला गेला आणि 2020 च्या मे महिन्यात कंपनी आर्थिक अनिश्चिततेचं कारण देऊन निघून गेली. तिथं लोकांना वेळ मिळाला म्हणून हे झालं. शिकागोत तीन दिवस होते आणि टोरंटोत दोन-अडीच वर्षं.

आता नेहमीचा आक्षेप येतो की सामान्य लोकांना प्लॅनिंगमधलं काय कळतं, सगळ्यांच्या मालकीची वस्तू म्हणजे कुणाचीच नाही, लोकांवर सोपवली तर चार दिवसांत तिची वाट लावतील. हा आक्षेप फार विद्वान माणसांनी घेतलेला आहे. गॅरेट हार्डिन ह्यांनी 1968 मध्ये सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन असंच मांडलं होतं, की प्रत्येक जण आपलं एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण संपणार. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या बाई नुसत्या तर्कावर थांबल्या नाहीत, जगभरातली खरीखुरी कुरणं, पाटपाणी, मासेमारीचे किनारे ह्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि दाखवून दिलं की लोक आपापसात नियम करून शेकडो वर्षं सामायिक जागा नीट सांभाळू शकतात. त्यासाठी त्यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

त्यांच्या उदाहरणांतलं मला सगळ्यात आवडतं ते स्वित्झर्लंडमधलं ट्योर्बेल हे डोंगरातलं गाव. तिथं 1517 सालचा नियम आहे की हिवाळ्यात तुम्ही घरच्या गवतावर जेवढ्या गाई पोसू शकता तेवढ्याच उन्हाळ्यात गावाच्या कुरणावर सोडायच्या, एकही जास्त नाही. किती साधा आहे बघा, मोजणी करायला इंजिनिअर नको, कुणाच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गाई होत्या हे अख्ख्या गावाला माहीत असतं. नियम मोडला तर दंड, आणि दंड वसूल करणाऱ्या माणसाला त्यातला निम्मा हिस्सा, म्हणजे तो काही डोळेझाक करणार नाही. असा नियम लांबच्या ऑफिसात बसून सुचत नाही, तो हिवाळा तिथं काढलेला माणूसच करू जाणे.

आणि लांब कशाला जायचं, गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आपल्या सगळ्यांना माहितीये. गावातला प्रत्येक मोठा निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं, मतदान करून अर्ध्यांना हरवायचं नाही, पटेपर्यंत बोलत बसायचं, आणि विषय समजून घ्यायला वेगळे अभ्यासगट. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये ह्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचे पास मात्र वनखात्याच्याच हातात होते, म्हणजे हक्क गावाचा पण माल बाहेर न्यायचा तर परवानगी दुसऱ्याची. गावानं तेही लावून धरलं आणि 2011 मध्ये केंद्रीय मंत्री स्वतः येऊन पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. मला ह्यातून एवढं कळलं की हक्क मिळालाय असं कुणी म्हणालं तर शेवटची सही कुणाची ते बघायचं. सही जर दुसऱ्याचीच असेल तर हक्क अजून यायचाय.

सही हातात आली की काय होतं ते बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात बघायला मिळतं. रॉक्सबरीमधली ही गरीब वस्ती, घरं जाळली गेलेली, रिकाम्या प्लॉटवर बाहेरचे लोक रात्री ट्रक आणून कचरा टाकून जायचे. 1984 मध्ये काही संस्था मदत करायला पुढं आल्या आणि त्यांनी एक मंडळ मांडलं, त्यात प्रत्यक्ष राहणारे लोक मोजकेच. पहिल्याच मोठ्या सभेत रहिवाशांनी उठून विचारलं की तुमच्यातले इथं राहतात किती जण? आणि मंडळाची रचना बदलायला लावली, बहुमत रहिवाशांचं. मग त्यांनी आधी कचरा बंद करायला लावला, मग स्वतःच्या वस्तीचा आराखडा स्वतः केला, आणि 1988 मध्ये एक गोष्ट मिळवली जी अमेरिकेत तोवर कुठल्याच वस्तीच्या संघटनेला मिळाली नव्हती, ती म्हणजे खासगी मालकांचे ओसाड प्लॉट सक्तीनं संपादन करायचा अधिकार. महापालिकेच्या ओसाड प्लॉटच्या मध्येमध्ये हे खासगी तुकडे अडकलेले होते, ते घेतल्याशिवाय काहीच सलग होत नव्हतं. आज ती जमीन वस्तीच्या ट्रस्टच्या मालकीची आहे, वर दोनशेच्या वर परवडणारी घरं आहेत, बागा आहेत, आणि घर विकायचं झालं तरी किमतीला मर्यादा असल्यामुळं ते पुढच्या कुटुंबालाही परवडतं. लोकांना प्लॅनिंगमधलं काय कळतं म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट बघावं, एवढंच मी म्हणते.

लंडनमध्येही साधारण त्याच काळात, थेम्सच्या काठावर कॉइन स्ट्रीटला ऑफिसांचे टॉवर येणार होते तेव्हा रहिवाशांनी नुसता विरोध नाही केला, आपला स्वतःचा आराखडा पुढं ठेवला, सात वर्षं झुंजले आणि 1984 मध्ये 13 एकर जागा 10 लाख पाउंडांना त्यांच्या संस्थेला मिळाली. जागेच्या वापरावर आधीच बंधनं घातलेली होती म्हणून किंमत तेवढी खाली आली. तिथं आज सहकारी घरं आहेत, बाग आहे आणि नदीकाठ सगळ्यांना चालायला मोकळा आहे.

पण एका गोष्टीवर मला प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. स्थानिक म्हणजे नेहमी बरोबरच असं नाही. आमच्या शेजारी गरिबांची घरं नकोत, वसतिगृह नको, दवाखाना नको, बाहेरची पोरं आमच्या मैदानात नकोत, असं म्हणणारे स्थानिकच असतात आणि असे लोक मी त्याच सुनावणीत ऐकलेत. एकानं तर सार्वजनिक जागेला कुंपण घालून चावी आमच्या सोसायटीकडं द्या अशी सूचना दिली. त्या सूचनेलाही तीन मिनिटं मिळाली आणि तीही नोंदवून घेतली. म्हणून स्थानिक म्हणजे कोण हे आधी ठरवावं लागेल. माझ्या मते त्या जागेच्या आसपास ज्यांचं घर आहे तेवढेच नाही, तिथं जो येतो, खेळतो, बसतो, भाजी विकतो, सावलीत डबा खातो तो प्रत्येक जण, भाड्यानं राहणारा सुद्धा आणि ज्याला मत नाही ती लहान पोरं सुद्धा. आणि जागा सार्वजनिकच राहणार, कुणालाही मज्जाव नाही, हे कायद्यानं आधी पक्कं करायचं, त्यावर स्थानिकांनाही मत नाही. त्याच्या आत काय, कुठं, कसं ते मात्र त्यांनी ठरवायचं.

बर्लिनमध्ये टेम्पलहोफच्या जुन्या विमानतळाचं जे झालं ते ह्या बाबतीत विचार करायला लावतं. 2008 मध्ये विमानतळ बंद झाला, 2010 मध्ये ते तीनशे हेक्टरच्या आसपासचं मैदान लोकांना खुलं केलं, आणि लोक धावपट्टीवर सायकली चालवायला लागले, पतंग उडवायला लागले, गवतात चंडोल घरटी करतात म्हणून तो भाग विणीच्या काळात राखून ठेवायला लागले. सरकारला कडेकडेनं सुमारे 4,700 घरं आणि मोठं ग्रंथालय बांधायचं होतं. 25 मे 2014 ला सार्वमत झालं, शेजारच्या गल्ल्यांचं नाही, अख्ख्या शहराचं, आणि मत दिलेल्यांपैकी 64 टक्के लोकांनी सांगितलं की मैदान आहे तसं राहू द्या. शहरात घरांची टंचाई आहे हे खरं आहे आणि तिथला वाद अजून मिटलेला नाही, 2016 मध्ये निर्वासितांच्या तात्पुरत्या घरांसाठी बर्लिनच्या विधानसभेनं त्या सार्वमतातून आलेल्या कायद्यात बदलही केला. मला स्वतःला तो बदल चुकीचा वाटत नाही, डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसासाठी थोडी जागा द्यायलाच हवी. पण जो काही वाद आहे तो उघड्यावर चाललाय, धावपट्टीवर फिरणाऱ्या कुणालाही माहितीये की काय ठरलंय आणि कुणी ठरवलंय. आपल्याकडं पत्रे ठोकल्यावर कळतं.

तर मग नेमकं काय व्हावं. पहिलं म्हणजे नकाशा काढणाऱ्यानं पेन्सिल हातात घ्यायच्या आधी त्या जागेवर लोकांसोबत दिवसभर घालवावा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि तिथं आज काय काय चालतं त्याची नोंद सरकारी कागदावर यावी, म्हणजे 'रिकामा भूखंड' असं लिहायला कुणाचा हात धजणार नाही. लोकांना आपला पर्यायी आराखडा करायचा असेल तर त्यांना आर्किटेक्टची मदत सार्वजनिक पैशातून मिळावी, कारण बिल्डरकडं दहा आर्किटेक्ट असतात आणि आजींकडं फक्त बोट असतं. लांब मुदतीची लीज किंवा वापर बदलायचा असेल तर स्थानिक सभेच्या मंजुरीशिवाय नाही. आणि लोकांनी एखादी जागा सांभाळायला मागितली तर का देत नाही ते सांगायची जबाबदारी ऑफिसवर असावी. स्कॉटलंडमध्ये 2015 च्या कायद्यानं हे केलंय, गावातली संस्था सरकारी जमीन किंवा इमारत मागू शकते, आणि नाकारायचं तर सरकारी संस्थेला योग्य कारण द्यावं लागतं. आपण मागतो तेव्हा आपल्यालाच पुरावे द्यायला लावतात, तिथं उलटं आहे.

ह्यातलं बरंच करायला फार पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळ लागतो म्हणून विकास अडतो हे मला पटत नाही, कारण न विचारता केलेली कामं कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहिलेली आपण सगळ्यांनीच बघितलीत.

आमच्या इथं त्या जागेला लागूनच अजून एक मोकळा तुकडा आहे. त्याचा नकाशा अजून निघालेला नाही असं कळतं. म्हणून आम्ही सात-आठ जणींनी एक वही केली आहे आणि आळीपाळीनं तिथं बसून लिहितो. पहाटे कोण चालायला येतं, दुपारी कडुनिंबाखाली कोण झोपतं, चार वाजता कितव्या मिनिटाला पोरांचा पहिला बॉल पडतो, पावसाचं पाणी कुठून शिरतं आणि कुठं साठतं. पायवाटवाल्या आजी रोज येतात, त्यांनी ह्या तुकड्यातली दुसरी पायवाट पावलांनी मोजून दिली, त्यांच्या पावलांनी एकशे चौसष्ट भरली. ही वही आम्ही नोटीस निघायच्या आधीच नेऊन देणार आहोत आणि पोच घेणार आहोत.

संपादकसाहेब, तुमच्याकडून एकच पाहिजे. जमिनीच्या वापर बदलाच्या आणि हरकती मागवण्याच्या नोटिसा तुमच्याच पेपरात येतात, पण त्या आतल्या पानावर इतक्या बारीक टायपात असतात की आमच्यापैकी चष्मेवाल्यांना दिसतच नाहीत आणि मुदत निघून जाते. ज्या दिवशी अशी नोटीस छापाल त्या दिवशी तिची दोन ओळींची बातमी पहिल्या पानावर द्या, कुठली जागा, काय होणार, कुठल्या तारखेपर्यंत कुठं जाऊन बोलायचं, एवढंच. बाकीचं आम्ही बघतो.

आपली,
एक नियमित वाचक